काळ्या स्क्रीनवरचा कोपरा आणि पांढऱ्या स्क्रीनवरची कड

आधी तुमचा प्रश्न मला नीट कळलाय का ते बघू. तुम्ही सांगलीत घरीच लग्नपत्रिका आणि छोट्या दुकानांचे कॅटलॉग डिझाइन करता. आठ दिवसांपूर्वी २७ इंची आयपीएस (एलसीडी पॅनेलचा एक प्रकार) मॉनिटर ऑनलाइन मागवला. स्क्रीन काळी केली की खालचा डावा कोपरा मधासारखा पिवळट उजळतो. पांढरी केली की उजवी कड मंद आणि जराशी पिवळी दिसते. आणि तीच पत्रिका शेजारच्या जुन्या लॅपटॉपवर निळसर दिसते. तुमचा मित्र म्हणतो, ‘कॅलिब्रेट करून घे, सगळं जाईल,’ म्हणजे यंत्रानं मोजून रंग जुळवून घे. परत करायची मुदत दोन दिवसांत संपतेय, म्हणून ठेवू की परत करू, असं विचारताय.

मी पुण्यात पंचवीस वर्षं प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या तयारीच्या कामात आहे. काचेच्या नळीच्या जाडजूड सीआरटी मॉनिटरपासून आजच्या पातळ पॅनेलपर्यंत सगळ्यावर रंग जुळवलेत, आणि गेली काही वर्षं दुसऱ्यांचे मॉनिटर कॅलिब्रेट करून देतो. म्हणजे मित्राचा सल्ला ऐकलात तर त्यात माझ्यासारख्याचाच धंदा आहे. तरीही सांगतो, तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी कॅलिब्रेशननं जाणार नाहीत, आणि तिसरी ही मुळात तक्रारच नाही.

घोळ असा होतो की या तिन्ही गोष्टींना आपण ‘स्क्रीन एकसारखी नाही’ असं एकच नाव देतो. पण एक डाग तुमच्या बसण्यात असू शकतो, एक पॅनेलमध्ये आणि एक खोलीत. कोणता कुठला, हे ठरवल्याशिवाय परत करायचं की नाही याला उत्तर नाही.

काळ्या स्क्रीनपासून सुरू करू. एलसीडी पॅनेल स्वतः उजळत नाही. त्याच्या मागे दिवा सतत चालू असतो, काळा रंग दाखवतानाही. पुढे आणि मागे पोलरायझरची, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश सोडणारी, एकेक फिल्म असते, एक आडवी तर दुसरी उभी लावलेली, आणि मधले लिक्विड क्रिस्टल प्रकाशाला वाट द्यायची की अडवायचं हे ठरवतात. समोरून सरळ बघितलं की ही अडवणूक चोख असते. तिरकं बघितलं की त्या दोन फिल्म एकमेकींना बरोबर काटकोनात राहत नाहीत आणि थोडा प्रकाश निसटतो. सगळ्यात जास्त निसटतो तो कर्णाच्या दिशेनं, म्हणजे नेमका कोपऱ्यांकडे. आयपीएसमध्ये ही फिकट झळाळी नेहमीची. एका कोपऱ्यात ती पिवळट दिसते, दुसऱ्यात रुपेरी-निळसर.

आता तुमच्या टेबलाचा हिशोब करा. २७ इंची स्क्रीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३४ सेंटिमीटर उंच असते. घरातल्या लहान टेबलावर डोळे स्क्रीनपासून ५० सेंटिमीटरवर येतात. डोळे बरोबर मधोमध असले तरी कोपरा जवळजवळ ३५ अंशांतून दिसतो. पण आपण मान सरळ ठेवायची म्हणून डोळे स्क्रीनच्या वरच्या कडेच्या रेषेत ठेवतो. मग खालचे कोपरे ४२ अंशांवर जातात. म्हणून तक्रार नेहमी खालच्याच कोपऱ्यांची येते, वरच्या कोपऱ्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खोक्यावर ‘१७८ अंश’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. तो आकडा एवढंच सांगतो की त्या कोनात कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ ते, १० ला १ इतका तरी उरतो. समोरून हजाराला एक असलेला कॉन्ट्रास्ट शंभर पटींनी पडला तरी आकडा खरा ठरतो, आणि रंगाबद्दल तर त्यात अवाक्षर नाही.

हा कोपरा तपासायला एक मिनिट पुरतं. स्क्रीन काळी ठेवून खुर्ची मागे ओढा, दीड-दोन मीटर जा, डोळे स्क्रीनच्या मध्याच्या उंचीवर आणा. मधासारखा डाग विरला, किंवा डोकं हलवताना तोही सरकला, तर ती झळाळी आहे. दोष नाही, जातीचा गुण आहे. बदलून आणलेल्या मॉनिटरमध्येही तो असणार. मात्र डाग जागचा हलला नाही, कडेला पांढरट फटीसारखा तसाच राहिला, तर ते ब्लीडिंग. तिथे फ्रेमचा दाब कमी-जास्त पडून मागचा प्रकाश कडेनं बाहेर येतोय.

एक सूचना: मोबाइलनं काढलेला काळ्या स्क्रीनचा फोटो पुरावा म्हणून धरू नका, मलाही पाठवू नका. अंधार दिसला की मोबाइल एक्स्पोजर वाढवतो आणि मेणबत्तीएवढी झळाळी हॅलोजनएवढी दाखवतो. असे फोटो बघून लोकांनी चांगले मॉनिटर परत केलेले मी पाहिलेत. तुमचं काम काळ्या स्क्रीनवर चालतही नाही. रात्री दिवे घालवून सिनेमे बघणाऱ्याला हा कोपरा छळेल. पत्रिका करणाऱ्याला छळते ती पांढरी स्क्रीन.

तेव्हा उजव्या कडेकडे वळू. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न इथे आहे.

मागचा दिवा म्हणजे बहुतेक मॉनिटरमध्ये एका कडेला, बऱ्याचदा खालच्या, बसवलेली एलईडीची पट्टी. तिचा प्रकाश ॲक्रिलिकच्या पारदर्शक पाटीत कडेनं शिरतो आणि सगळीकडे पसरतो. पाटीच्या मागच्या बाजूला बारीक ठिपके असतात, पट्टीजवळ विरळ आणि लांब जाऊ तसे दाट, म्हणजे लांबवरही तेवढाच प्रकाश पुढे फेकला जावा. छपाईवाल्यांना बघताक्षणी हाफटोन, म्हणजे ठिपक्यांनी छटा दाखवणारी छपाई, आठवेल. त्यापुढे प्रकाश पसरवणारा डिफ्यूझर आणि प्रिझमच्या शीट, आणि मग पॅनेल. यात गडबड व्हायला जागा भरपूर आहेत. पांढरी एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. (याच निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळालं.) थर जरा जाड-पातळ झाला की पांढऱ्याची छटा बदलते. शिवाय पाटीतून लांबवर जाताना निळा प्रकाश किंचित जास्त खर्ची पडतो, म्हणून पट्टीपासून दूरची बाजू पिवळसर होऊ शकते. एखादी शीट सुरकुतली, फ्रेमचा एक स्क्रू जास्त आवळला, तरी परिणाम दिसतो. तुमच्या मॉनिटरमध्ये यातलं नेमकं काय झालंय हे न उघडता सांगता येणार नाही, आणि नवा मॉनिटर उघडू नका, वॉरंटी जाईल.

पण आधी हा डाग पॅनेलचाच आहे याची खात्री करा. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या, थंड पॅनेलवर काही ठरवू नका. नाइट लाइट, आय केअर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट जे काही चालू असेल ते बंद करा. ब्राइटनेस कामाच्या पातळीवर आणा. यंत्र नसेल तर कोरा ए-फोर कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाएवढाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. बहुतेकांना इथे धक्का बसतो, कारण मॉनिटर खोक्यातून निघतो तो डोळे दिपवणाऱ्या पातळीवर. मग कोरलड्रॉमध्ये किंवा डिझाइनच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मध्यम करडा रंग, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही १२८, पूर्ण स्क्रीनभर पसरा. छटेतला फरक करड्यावर जितका स्वच्छ कळतो तितका पांढऱ्यावर कळत नाही.

आता खुर्ची उजवीकडे सरकवून त्या उजव्या कडेच्या बरोबर समोर बसा, अंतर तेवढंच ठेवून. कड सुधारली आणि आता डावी बाजू मंद वाटायला लागली, तर तो कोनाचा खेळ आहे. कड तशीच मळकट राहिली तर डाग पॅनेलमध्ये आहे. स्टँड फिरणारा असेल तर मॉनिटर उभा करून बघा. डाग पॅनेलबरोबर वर किंवा खाली गेला तर संशयाला जागाच उरत नाही.

आणि मॉनिटर उभा केल्यावरही डाग उजवीकडेच राहिला तर? हे मी उगाच विचारत नाही. एका ग्राहकानं मला तीनदा बोलावलं होतं. स्क्रीनची एक बाजू रोज संध्याकाळी केशरी होते म्हणे, सकाळी ठीक असते. कॅलिब्रेशन दोनदा तपासलं, काही निघेना. तिसऱ्यांदा मुद्दाम साडेचारला गेलो. खिडकी पश्चिमेची, पडदा भगवा, आणि ऊन पडद्यातून गाळून सरळ मॅट स्क्रीनवर येत होतं. चकचकीत स्क्रीनवर खिडकीचं प्रतिबिंब तरी दिसलं असतं. मॅट स्क्रीन ते पसरवून टाकते, त्यामुळे प्रतिबिंब न दिसता नुसती छटा चढते. पडदा बदलला, तक्रार संपली. फी घेताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. तुमची भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर तीही एकदा संशयितांत धरा.

फरक किती आहे हे डोळ्यांनी ठरवणं अवघड असतं, कारण हळूहळू उतरणारा उजेड डोळे सहज सांभाळून घेतात. माझ्या मोजण्यात साध्या ऑफिसच्या आयपीएस मॉनिटरचे कोपरे मध्याच्या ८० ते ९० टक्के भरतात आणि मालकाला पत्ताही नसतो. पण छटा बदलली की डोळे लगेच पकडतात. म्हणून ‘कड मंद आहे’ यापेक्षा ‘कड पिवळी आहे’ हे तुमचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. यंत्राशिवाय तपासायचं तर करड्या स्क्रीनचा फोटो काढा, पण दोन मीटर मागे जाऊन, झूम करून, आणि मॉनिटर चौकटीच्या मधल्या भागातच राहील असा, कारण मोबाइलची लेन्स स्वतःच्याही कडा काळवंडवते. एक्स्पोजर लॉक करा. मग त्या फोटोतून मध्याचा एक चौकोन आणि उजव्या कडेचा एक चौकोन कापून स्क्रीनच्या मधोमध शेजारी-शेजारी लावा. मधलं अंतर गेलं की डोळ्यांचं सांभाळून घेणं बंद होतं.

आता मित्राचं कॅलिब्रेशन. मी कलरीमीटर, म्हणजे रंग मोजायचं यंत्र, टांगतो तो स्क्रीनच्या मध्यावर. प्रोग्रॅम एकामागून एक रंग दाखवतो, यंत्र मोजतं, आणि शेवटी प्रोफाइल तयार होतं. त्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असतं ते असं: हा रंग हवा असेल तर लाल किती, हिरवा किती, निळा किती पाठवायचा. त्यात ‘कुठे’ हा रकानाच नाही. उजवी कड पिवळी म्हणून निळा वाढवला तर तो मध्यालाही वाढतो आणि डाव्या कडेलाही. कड सुधारेल, बाकीची स्क्रीन बिघडेल.

जागेनुसार दुरुस्ती करणारी सोय काही महागड्या मॉनिटरमध्ये असते. आयझो, एनईसी यांच्या रंगकामाच्या मॉनिटरमध्ये ती आहे, आणि इतर काही कंपन्यांच्या वरच्या मॉडेलांतही ‘युनिफॉर्मिटी कॉम्पेन्सेशन’ अशा नावानं मेनूत सापडते. कारखान्यात त्या एकेका पॅनेलचं मोजमाप घेऊन दुरुस्ती आतच भरलेली असते. तुमच्या मेनूत असेल तर लावून बघा. ती फुकट मिळत नाही. मंद कोपरा वाढवता येत नाही, म्हणून उजळ मध्य खाली आणला जातो, त्यामुळे एकूण ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही घटतात. कागदाएवढ्या उजेडात काम करणाऱ्याचं त्यानं काही अडत नाही.

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाहीये. २००६ च्या सुमारास मी सीआरटी सोडून पहिला एलसीडी घेतला, स्वस्तातला टीएन पॅनेलचा. टीएनमध्ये वरून खाली बघताना छटा इतकी बदलते की एकच रंग वरच्या कडेला एक आणि खालच्या कडेला दुसरा दिसतो. एका कथासंग्रहाचं मुखपृष्ठ होतं, मागे सपाट क्रीम रंग. मला तो खालच्या बाजूला पिवळा दिसत होता. खरं तर रंगाचे आकडे वाचणाऱ्या टूलनं त्यावर नुसती टिचकी मारली असती तर वर-खाली तोच आकडा दिसला असता. मी मारली नाही. खालच्या अर्ध्या भागात पिवळा १२ वरून ८ टक्क्यांवर उतरवत नेणारी ग्रेडियंट टाकली आणि समाधानानं छपाईची प्लेट काढायला पाठवलं. छापून आलेल्या ११०० मुखपृष्ठांचा खालचा भाग गारठल्यासारखा पांढरट. प्रकाशक सज्जन माणूस, एवढंच म्हणाले, ‘खाली शाई कमी पडली का हो?’ मी मशीनमनकडे बोट दाखवलं नाही, एवढंच काय ते पुण्य.

त्या दिवसापासून एक सवय लागली. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, पत्रिकेच्या गणपतीच्या मागचा सपाट रंग, असं जे काही महत्त्वाचं ते आधी आकड्यांत वाचायचं आणि मग स्क्रीनच्या मधोमध आणून बघायचं. कडांवर टूलबॉक्स, पॅलेट, लेअरची यादी. तिथे पिवळेपणानं काही बिघडत नाही. मॉनिटर कितीही चांगला असला तरी मी असंच करतो. वर्खाच्या किंवा खरखरीत कागदावर छापायची पत्रिका तर कुठल्याच स्क्रीनशी जुळत नाही, तिथे त्याच कागदावरचं प्रूफ, म्हणजे नमुन्याची छपाई, लागतंच.

मग ठेवायचा की परत करायचा? माझा नियम सांगतो, दुसऱ्या कुणाचा वेगळा असू शकतो. कामाच्या ब्राइटनेसला, समोर बसून, करड्या किंवा पांढऱ्या पानावर डाग न शोधता दिसत असेल, आणि कडेसमोर बसूनही जात नसेल, तर परत करा. शोधावा लागत असेल तर ठेवा. आठ दिवसांत तुम्हाला तो कामाच्या मध्येच दिसला की तपासायला बसल्यावर दिसला, हे तुमचं तुम्हालाच आठवेल. पत्रिकांपुरतं काम असेल तर मी थोडा सैल राहीन. कॅटलॉगमध्ये साड्या किंवा दागिन्यांचे फोटो पूर्ण स्क्रीनभर बघत असाल तर कडक.

परत करताना एक लक्षात ठेवा, बदलून येणारं पॅनेल चांगलंच असेल याची हमी नाही. मी स्वतः एक मॉडेल तीनदा बदलून घेतलं आणि शेवटी पदरात पडलं ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. मुदत उलटल्यावर वॉरंटीत हे बसवणं कठीण जातं. मेलेल्या पिक्सेलसाठी कंपन्यांचे किती-पर्यंत-चालेल असे नियम असतात, पण छटेच्या फरकाला बहुधा आकडा लिहिलेला नसतो, आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस ‘इतकं चालतं सर’ म्हणून मोकळा होतो. म्हणून वरची परीक्षा आज रात्रीच करा, उद्यावर टाकू नका.

दाबून, फडक्यानं चोळून, फ्रेम वाकवून ब्लीडिंग घालवण्याचे व्हिडिओ फिरत असतात. कधीमधी शीट जागेवर बसते, हे खरं आहे. पण जास्त वेळा पॅनेलवर कायमचा पांढरा ठिपका उमटतो आणि मग परतही घेत नाहीत. एवढं मात्र जरूर बघा: मॉनिटर भिंतीच्या किंवा टेबलाच्या आर्मवर लावला असेल तर मागचे चार स्क्रू. बहुतेक मॉनिटरना एम-फोर मापाचे लागतात. माप तेच पण लांबी जास्त असलेले स्क्रू आत जाऊन मागून दाब देतात. हार्डवेअरच्या दुकानातले लांब स्क्रू काढून मूळचे लावल्यावर मधला उजळ ठिपका गेल्याचं एक उदाहरण माझ्यासमोरचं आहे.

कुणी जुन्या मॉनिटरसाठी हे वाचत असेल तर वेगळं प्रकरण. वर्षानुवर्षं पट्टीच्या उष्णतेनं ॲक्रिलिकची पाटी त्या कडेला पिवळी पडते, आणि कोकणासारख्या दमट हवेत पोलरायझरची फिल्म सडते. मालवणहून आलेला एक मॉनिटर उघडला तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट वास खोलीभर पसरला होता. तो वास आला की दुरुस्तीचा खर्च करू नये, नवा घ्यावा.

राहिला तुमचा लॅपटॉप. त्याचं पॅनेल जुनं, बहुधा टीएन, आणि अशा लॅपटॉपचा पांढरा रंग बऱ्याचदा निळ्याकडे झुकलेला असतो. दोन स्क्रीन शेजारी ठेवल्या की डोळे एकीला पांढरं मानतात आणि दुसरीला रंगीत ठरवतात. लॅपटॉप उचलून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत ठेवा, मॉनिटर आपोआप सरळ वाटायला लागेल. दोन्ही एकत्र वापरायचेच असतील तर लॅपटॉपवर व्हॉट्सॲप आणि हिशोब ठेवा, आणि ‘ताई, रंग असाच येणार ना?’ असं विचारणाऱ्या ग्राहकाला पत्रिका त्याच्यावर दाखवू नका.